नखांतली माती

शाळेच्या बागेतून नात घरी आली ती दहाही नखांत काळी माती घेऊन. "आजी, आज वांग्याची रोपं लावली. मोठी झाले की रोपवाटिकाच काढणार मी!" मी तिच्या नखांकडेच बघत राहिले.

माझ्या लहानपणी शाळेत प्रार्थनेनंतर नखं तपासायचे. मी सकाळी वडिलांबरोबर मिरची लावून जायची. "शेतातच राहायचं होतंस," म्हणत बाई बोटांवर पट्टी मारायच्या. आणि मी शहाणी! बाईंवर चिडायचं सोडून मातीवरच डूख धरला. लिंबू चोळून नखं पांढरी केली, हट्टानं शहरातला नवरा केला, पुढे कुंडीतली तुळससुद्धा चमच्यानं उकरली.

काल नात मला बागेत घेऊन गेली. मी वाफ्याबाहेर उभी राहून पोरांना शिकवू लागले, "रोप फार खोल नको रे, अंगठ्यानं माती दाब." तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, नखं दाखव आधी. इथे स्वच्छ नखांचं कुणी चालत नाही." पोरं खदखदून हसली.

पट्टी मारणाऱ्या बाई केव्हाच गेल्या. पण लिंबू चोळणारी ती नखरेल पोरगी अजून माझ्याजवळच होती, आयती सापडली. तिला मी कोपरापर्यंत चिखलात बुडवली.