इथं आधीच कोणी राहतंय

कॉम्प्युटरनं प्रश्न विचारला की तो न वाचताच ‘हो’ म्हणता ना? खरं सांगा. मीही म्हणतो. माझी आत्या म्हणत नाही.

आत्या कॉम्प्युटर दुरुस्त करते. आधी शिलाई मशीन करायची. हात तोच, म्हणते, फक्त तेल लागत नाही. तोंड असं तिखट की गिऱ्हाईक बिघाड सांगण्याआधी स्वतःची चूक कबूल करतं. पडद्यावरची इंग्रजी ओळ ती मोठ्यानं मराठीत सांगते, जणू परक्या पाहुण्याचं बोलणं घरच्यांना समजावतेय. आम्ही हसतो. तिला ढिम्म फरक पडत नाही.

आमची गल्ली पाडली, तेव्हा मी एकेका म्हाताऱ्याला बसवून बोलतं केलं होतं, आवाज रेकॉर्ड करून ठेवले होते: दार कुठं होतं, कुणाची भिंत कुणाला लागून. सुनावणीसाठी आमच्याकडे पुरावा तेवढाच. त्या म्हाताऱ्यांतले काही आता राहिले नाहीत. आणि हे सगळं ज्या डिस्कवर होतं, ती टकटक करायला लागली.

नवी डिस्क घेऊन आत्याकडे धावलो. मला वाटलं, जोडली की झालं. रिकामा प्लॉट म्हणजे घर नव्हे, म्हणाली. तिनं नव्या डिस्कवर कप्पा पाडला. आता त्यावर फाइल सिस्टिम घालायची होती. कुठली फाइल कुठं आहे हे ती सिस्टिमच सांभाळते. पण ती घालताना कप्प्यात आधीचं काही असलं, तर ते गेलंच.

तेवढ्यात जुन्या डिस्कची वायर सैल झाली. दोन्ही डिस्क काढून पुन्हा लावल्या. मी डोक्यावर उभा.

“आत्या, आटप. ती मरेल.”

“तू गप्प बसलास तर जगेल.”

झालं, आमची जुंपली. भांडता भांडताच तिनं कमांड टाइप केली, कॉम्प्युटरनं नव्या कप्प्याला मघाशी दिलेलंच नाव घातलं, एसडीबी-वन, आणि एंटर मारलं.

कॉम्प्युटर अडला. आत्यानं भांडण अर्धवट टाकून वाचलं, “हा म्हणतोय, इथं आधीच कोणी राहतंय. नाव ‘गल्ली’. तरी पुढं जाऊ का?”

कॉम्प्युटर ही नावं डिस्क सापडतील त्या क्रमानं देतो; काढून लावताना त्यांची अदलाबदल झाली होती. ‘गल्ली’ म्हणजे आमची जुनी डिस्क. आत्यानं ‘नाही’चा एन दाबला आणि ओले तळवे मांडीला पुसले.

माझं डोकं मात्र फिरलं. पाडायला आलेल्यांनी एवढं तरी विचारलं होतं का, म्हणालो.

“त्यांनी विचारलं असतं तरी उत्तरही त्यांनीच दिलं असतं,” आत्या म्हणाली. “डोळे पूस. मला नीट बघू दे.”

आकारावरून तिनं नवी डिस्क हुडकली, नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मगच एंटर. या खेपेला कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. आवाज नव्या डिस्कवर उतरेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसलो, न भांडता. आमच्या घराण्यात हे नवलच.

बहुतेक सगळे आवाज आले. गल्लीच्या शेवटच्या टोकाचे मात्र उघडलेच नाहीत. तुम्ही त्या टोकाला कधी राहिला असाल, तर आत्याच्या दुकानात या. माइक लावून ठेवलाय. बसा आणि बोला.