तंतूंचे गोळे

मिस्त्रीचे गुडघे कामातून गेले होते, आणि या गोदामाची जमीन नीट झाली तरच ठेकेदार त्याला ठेवणार होता. लोखंडी जाळीऐवजी काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकचे तंतू घालायचे होते. ते थोडे थोडे सोडायचे, असं ठेकेदारानं बजावूनही घाईत त्यानं अख्खी पिशवी मिक्सरमध्ये रिकामी केली. काँक्रीट ओतलं, तर त्यात तंतूंचे गोळेच गोळे.

तो आणि बायको ओणवे होऊन गोळे उपसू लागले.

“मोरीत माझे केससुद्धा इतके गुंतत नाहीत,” बायको म्हणाली.

“तोंड नको, हात चालव.”

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. “काय मिस्त्रीऽ, आरशासारखी होतेय ना?”

“होतेय, साहेब.”

काँक्रीट घट्ट होत गेलं. बोटं आत शिरेनात, आणि गोळे तर अजून ढिगानं होते.

“वरून घोटून टाका. कोणाच्या बापाला कळतंय?” बायको कुजबुजली.

त्यानं थापी फिरवली. जमीन खरंच गुळगुळीत दिसू लागली. पण मालाच्या गाड्या फिरल्या की गोळ्यागोळ्याशी भेग पडणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. थापी ठेवून त्यानं फोन लावला.

“साहेब, जमीन फोडायला माणसं पाठवा. त्यांत मला धरू नका, मी घरी चाललो.”