काटा थांबवणारा माणूस

काहीही थांबू नये यासाठी जिथे शेकडो माणसे पगार घेत होती, तिथे थांबण्याची परवानगी मागणारा एकच माणूस होता. धारूरच्या डोंगराखाली आमचा साखर कारखाना. मी तिथे काटा विभागाचा प्रमुख होतो. ऊस घेऊन आलेली प्रत्येक गाडी माझ्या काट्यावरून जाई. काट्याचा संगणक सांभाळणारे हे गृहस्थ दर बैठकीत नमस्कारानंतर पहिला प्रश्न विचारीत, "साहेब, बंद कधी ठेवायचा?" आमच्या जिल्ह्यात बंद पुकारणे हे पुढाऱ्यांचे काम. त्यामुळे लोकांनी त्यांचे नाव बंदवाले ठेवले. त्यांनी ते नाव निमूटपणे स्वीकारले. पुढेपुढे दूरध्वनीवरही ते "बंदवाले बोलतोय" असेच सांगू लागले.

ते लिंबागणेशचे. अंगाने किरकोळ, बोलणे हळू. पाणी प्यायला उठले तरी संगणकाच्या पडद्याला कुलूप लावल्याशिवाय जागा सोडत नसत. मी त्यांचा वरिष्ठ; पण मी खोलीत शिरलो की माझ्यादेखत पडदा काळा होई. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, तुमच्यावर भरवसा हाय. पण सवय मोडली तर ती सगळ्यांसाठी मोडती." कारकून मंडळी हसली. मला तो माणूस त्या दिवशी आवडला. तसे मी बोलून दाखवले नाही.

संगणकाच्या प्रणालीला एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे, हे तो ठरवतो. त्यात चुका निघतात आणि जगभरची जाणती माणसे त्या दुरुस्त करून ठिगळे प्रसिद्ध करतात. बंदवाले रोज सकाळी चहाआधी ती ठिगळे वाचत. दुरुस्ती निघाली म्हणजे संकट टळले, असे मी समजत होतो. त्यांनी माझा समज खोडून काढला. "ठिगळ निघालं की भोक कुठं होतं ते साऱ्या दुनियेला कळतं, साहेब. ज्यानं लावलं तो वाचला. ज्यानं न्हाई लावलं त्याच्या घराचा रस्ता आता छापून आलेला असतो." अडचण एवढीच होती की गाभ्याला लावलेले ठिगळ यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. आमचा काटा तर दिवाळीनंतर एकदा सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत थांबत नसे. त्याचा आम्हाला अभिमान होता. बंदवाल्यांना त्याची धास्ती होती.

एका हंगामात ऐन गाळपात त्यांना ज्याची धास्ती होती तसेच ठिगळ निघाले. ते ज्या चुकीसाठी होते, तिच्यामुळे साधा कारकूनसुद्धा क्षणात यंत्राचा मालक होऊ शकत होता. कार्यकारी संचालकांनी हे कसे घडते ते विचारले. बंदवाले म्हणाले, "समजा, काट्यावर गाडी आली. कारकुनानं नंबर विचारला, लिहून घेतला, आन् मान वर करून वजन पाहिलं. त्या दोन्हीच्या मधी कोणी गाडीच बदलली तर? नंबर एकाचा, वजन दुसऱ्याचं. गाभ्यात तेवढीच फट राहिली हाय. विचारणं आन् करणं यांच्यामधली."

संचालकांनी विचारले, "आपल्याकडं कोण बदलणार गाडी?"

"कोण, ते मला म्हाईत न्हाई. म्हणूनच बंद ठेवायचा."

संचालकांना ते पटले नाही. मी सिद्ध करून दाखवा म्हणालो. भांडारात पडून असलेल्या एका संगणकावर त्यांनी साध्या कारकुनाच्या नावाने प्रवेश केला. मी चष्मा पुसून परत लावेपर्यंत यंत्र त्यांना मालक म्हणू लागले होते. काट्यावर वजने नोंदवणारा कोणीही हे करू शकला असता. तसे एकदा झाले असते, तर त्या हंगामातल्या एकाही पावतीवर ना ऊसवाल्याने विश्वास ठेवला असता, ना तोडणाऱ्याने. काटा म्हणजे लोखंड नव्हे. त्यावरचा विश्वास म्हणजे काटा. मी त्यांना घेऊन संचालकांकडे परत गेलो आणि बंद ठेवावा लागेल असे सांगितले.

ते बंदवाल्यांकडे पाहून म्हणाले, "बाहेर रांग बघितली का? ती पेटली तर पुढं तुमी जाणार का?"

"जातो की," बंदवाले म्हणाले, आणि खरोखरच गेले. मी मागोमाग गेलो.

टायरगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. ऊन वर आले होते आणि बैल मान टाकून उभे होते. पहिल्या गाडीवर गयाबाई नावाच्या वडवणीकडच्या वयस्क बाई बसल्या होत्या; खाली नवरा कासरा धरून होता. काटा थोडा वेळ बंद राहील असे बंदवाल्यांनी सांगताच बाईंनी विचारले, "कावून?" मागचे गाडीवान पुढे सरकले. मला वाटले, आता शिव्या सुरू होणार.

बंदवाल्यांनी संगणकाचे नावही काढले नाही. ते म्हणाले, "मावशी, वजनाच्या खोलीचं एक दार उघडं राहिलंय. आत कोणी शिरलं न्हाई अजून. पण शिरलं तर तुमचं वजन तुमचं राहणार न्हाई. मला ते लावायचंय."

बाईंनी त्यांना नीट निरखले. "मंग लाव की. विचारायलास कशाला? बैल तरी बसतील." नवऱ्याने तिथेच जू उतरवले. रांगेतून एक आवाज आला, "बंदवाल्याचा बंद हाय बे, सोडा बैलं." लोक हसले. एकेक करून सगळी जोखडे खाली आली.

यंत्र बंद झाले. पुन्हा सुरू झाले, तेव्हा नवा गाभा काट्याची तारच ओळखेना. पडद्यावर वजनाची जागा कोरी. संचालकांचा निरोप आला की जुनेच चालू करा. ते शक्य होते. बंदवाल्यांनी जुना गाभा बाजूला जपून ठेवला होता. पण जुन्यासोबत ती फटही परत आली असती. ते उठले, पडद्याला कुलूप लावले आणि आधी रांगेत गेले. "मावशी, दार बसंना. अजून येळ लागंल."

"आता हात घातलाच हायस, तर नीट लाव," गयाबाई म्हणाल्या. "आमी बसतोत."

मी संचालकांना निरोप धाडला की रांग शांत आहे. बंदवाले परत येऊन बसले. तार ओळखणारा भाग त्यांनी नव्या गाभ्यासाठी पुन्हा बांधून घेतला. सावल्या आखडल्या तेव्हा पडद्यावर शून्य उमटले. इतके सुंदर शून्य मी पुन्हा पाहिले नाही. गयाबाईंची गाडी काट्यावर चढली. पावती हातात घेताना त्यांनी वजन विचारले नाही. "लागलं का दार?" एवढेच विचारले.

"लागलं, मावशी."

त्यानंतर गाळपातही अधूनमधून काटा थांबवण्याचा शिरस्ता पडला. बैलांना पाणी दाखवण्याची वेळ बंदवाल्यांनी त्यासाठी निवडली. संचालकांनी पुन्हा हरकत घेतली नाही.

मी निवृत्त झालो त्या दिवशी हारतुरे झाले, भाषणे झाली. मंडपातून उतरताना बंदवाले जवळ आले. "साहेब, यंत्रावरलं तुमचं नाव आत्ताच काढून टाकलं. आता तुमी बाहेरचे." त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांत मला मानाने बोललेले वाक्य हेच वाटले. मी "योग्य केलेत" म्हणालो. आमचे शेवटचे बोलणे तेच. गेल्या पावसाळ्यात ते आजारी पडले आणि गेले. निरोप उशिरा मिळाला. मी लिंबागणेशला पोहोचलो तेव्हा सगळे उरकले होते.

या हंगामात वडवणीहून परत येताना कारखान्यापाशी गाडी थांबवली. रांग उभी होती आणि बैल सोडलेले होते. ऊस टाकायच्या गव्हाणीकडे यंत्रांचा आवाज चालू होता. काटा मात्र शांत. गाडीच्या सावलीत एक तरुण बाई भाकरी खात होती. यंदा पहिल्यांदाच आल्याचे तिने सांगितले; म्हणजे बंदवाल्यांना तिने पाहिलेले नव्हते. काटा का बंद आहे, असे मी विचारले.

"दार लावायलेत," ती म्हणाली. "बसा जरा. लागलं की सोडतेत."

मी बसलो.