आळीत नवीन आलेली कोळीण

गावदेवी माझं ऐकते की नाही, अशी शंका मला आयुष्यात पहिल्यांदा आली ती हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर. नागावात माझी ख्याती म्हणजे गप्पांची. माझ्या ओटीवर माणसं संध्याकाळी पोट धरून हसायची. पण छाती उघडून शिवलेली, आणि मुलीने पुण्याला परतताना साऱ्या आळीला बजावलं, "बाबांना हसवू नका, टाके दुखतात." झालं! आळीने ते इतकं मनावर घेतलं की माझ्याकडे कुणी फिरकेना. शेजारचे बंडूकाका कुंपणापलीकडूनच हात जोडायचे. "दादा, तोंड उघडू नका हां! मी हसलो की तुम्ही हसणार." डबा पायरीवर ठेवून पळायचे. माया होती हो, पण त्या मायेने मी भर वस्तीत एकटा पडलो. भिंतीवरच्या पालीला किस्से सांगून झाले. तीही निघून गेली.

एका दुपारी छातीत धडधड सुरू झाली. चार ठोके पळायचे, एक अडायचा, पुन्हा धावाधाव. वाटलं, एकटेपणाने जीव घाबरा झालाय. मुलीला कळवावं तर ती कामं टाकून येणार. बंडूकाकांना हाक मारावी तर म्हणणार, बोललात म्हणूनच झालं. मी ओटीवर बसून देवीशी भांडलो, "आई, बोलायला एक माणूस तरी पाठव. बंडूकाका पाठवलेस तरी चालेल."

फाटक वाजलं. डोक्यावर पाटी घेतलेली अनोळखी कोळीण थेट आत आली. रेवदंड्याकडची, आमच्या आळीत पहिल्यांदाच आलेली. तिला ती ताकीद कुठून ठाऊक असणार?

"दादा, मावरा घेता का? ताजं बोंबील हायत."

"बाई, मला हसायला बंदी आहे."

"मग घ्याच! माझा भाव ऐकून आजवर कोन हसला नाय."

मी हसलो, टाक्यांना आधार म्हणून शेजारची उशी छातीशी धरली, आणि तिचा चेहरा बदलला. "अवो, घाम किती सुटलाय! तोंड पार उतरलंय."

पाटी ओटीवर टाकून ती रस्त्यावर धावली आणि टमटम थांबवून मला अलिबागच्या दवाखान्यात घेऊन निघाली. मी सवयीने ड्रायव्हरला वाट सांगू लागलो, तशी तिने माझं मनगट पकडलं. "आता गप ऱ्हावा. मी हाय ना."

मी गप्प राहिलो. खरंच राहिलो. वाटेतली वळणं, अलिबाग किती दूर, पुढे काय, सगळं त्या खरखरीत हातात सोडून दिलं.

डॉक्टर म्हणाले, "ठोके अनियमित झालेत. अशा ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, पण अंगावर काढायचं नसतं. बरं झालं, लगेच आलात." औषधांनी लय हळूहळू जागेवर आली. पूर्ण बरं व्हायला अजून काही महिने लागतील म्हणतात. लागू देत.

कोळिणीच्या रूपात देवी आली होती, असं मी म्हणणार नाही. त्या बाईचे बोंबील मांजराने खाल्ले, आणि त्यावरून ती जे बोलली ते देवी बोलणार नाही. पण आता देवळात गेलो की कुणाला पाठव, कधी पाठव, हे सांगत नाही. हात जोडतो आणि गप्प उभा राहतो.