नाकमिस्त्री

बर्फाच्या कारखान्यात त्यांना सगळे नाकमिस्त्री म्हणायचे, आणि त्यांना त्याचं भूषणच वाटायचं. सव्वीस वर्षं ते मशीनघर सांभाळत होते. तिथल्या पाइपांमधून अमोनिया फिरायचा. एखादा जोड केसभर सैल झाला, तरी मिस्त्री दारातूनच नाक फुगवून सांगायचे, "डावीकडचा तिसरा व्हॉल्व्ह बघा." आणि तिसराच निघायचा.

नव्या माणसाला कारखाना समजावून सांगायची त्यांना भारी हौस. "कॉम्प्रेसर काय करतो? मोकाट सुटलेल्या वायूच्या कणांना दाबून जवळ आणतो. तापतात बिचारे. ती गरमी कंडेन्सरमध्ये काढून घेतली की द्रव होतो. कण एकमेकांना धरून राहतात, पण सरकतात. पुढे टाकीत दाब कमी झाला की पुन्हा सुटतात, आणि सुटताना भोवतालच्या मिठाच्या पाण्याची ऊब घेऊन जातात. त्या पाण्यात आपले डबे बुडवलेले. डब्यातल्या पाण्याचे कण गारठून जागा धरतात, बसल्या जागी नुसते थरथरतात. झाला बर्फ!"

मग एका हिवाळ्यात ते तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळले. बरे झाल्यावर एका सकाळी पेपर वाचत बसले होते, तर बायको धावत आली.

"अहो, दूध करपून घरभर वास सुटलाय! शेगडीशेजारी बसून तुम्हाला पत्ता नाही?"

नव्हताच पत्ता. त्यांनी साबण हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली. काहीच नाही. "कारखान्यात सांगून टाका," बायको म्हणाली. "येईल हळूहळू," म्हणत त्यांनी विषय टाळला. आठ महिने टाळला. मशीनघरात ते दारात उभे राहून पूर्वीसारखंच नाक फुगवायचे, आणि लोक निर्धास्त कामाला लागायचे.

एका दुपारी क्रेनवाली शिडी उतरून आली. डबे उचलायची क्रेन ही बाई चालवायची. तिची केबिन पार छताजवळ.

"मिस्त्री, वास येतोय."

मिस्त्रींनी नाक वर केलं, मान डोलावली आणि अंदाजाने एक व्हॉल्व्ह आवळला. "झालं. जा वर."

ती त्यांच्या शब्दावर वर गेली. अमोनिया हवेपेक्षा हलका, छताकडे चढणारा. दहा मिनिटांत तिचा खोकला खाली ऐकू आला. डोळ्यांतून धारा, पायांना पायऱ्या सापडेनात. दोघांनी धरून तिला उतरवलं आणि उघड्यावर नेऊन डोळ्यांवर पाणी मारलं. मिस्त्रींनी मशीन बंद केलं, सगळ्यांना बाहेर काढलं.

मॅनेजर धावत आला. "कुठून येतोय, सांगा ना! तुम्हालाच कळणार!"

"मला वास येत नाही," मिस्त्री म्हणाले. "आठ महिने झाले."

क्रेनवालीने ओल्या पदरातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

मिस्त्रींनी कपाटातून मास्क काढला, गळती शोधायची गंधकाची कांडी काढली. कित्येक वर्षांत त्यांना तिची गरज पडली नव्हती. मास्क चढवून, पेटती कांडी पाइपांशेजारून नेत ते एकेक जोड तपासू लागले. कंडेन्सरमागच्या कोपऱ्यात धूर एकदम पांढराफटक, दाट झाला. त्या जोडाचं पॅकिंग फाटलं होतं. त्यांनी मागचा-पुढचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

मॅनेजरने त्यांना कामावरून काढलं नाही, पण मशीनघरात त्यांच्या जोडीला दुसरा माणूस दिला, आणि रोज कांडीची फेरी मारायचा नियम केला. क्रेनवालीचे डोळे चार दिवसांत निवळले. ती मात्र पंधरा दिवस मिस्त्रींशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी फेरीच्या वेळी येऊन उभी राहिली.

"ती कांडी कशी चालते, मला शिकवा."

"का गं?"

"का म्हणजे? वर मी बसते. उद्या तुम्ही पुन्हा 'झालं' म्हणालात, तर मला स्वतः बघता आलं पाहिजे."

मिस्त्रींनी तिच्या हातात कांडी दिली. "वायूचे कण दिसत नाहीत. पण अमोनिया या धुराला भेटला की दोघांचे मिळून बारीक घन कण होतात. तो पांढरा धूर म्हणजे तेच. दाट दिसला की थांबायचं."

"आणि घाई झाली तर?"

"घाई करायची नाही. प्रत्येक जोडापाशी दहा मोजायचे."

तिने पहिल्याच फेरीत त्यांच्या हातून सुटलेला एक जोड दाखवला. पुढे मशीनघराचं बाकीचं कामही ती त्यांच्याकडून शिकली. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले, तेव्हा मशीनघर तिच्याच हाती आलं.