आडवी गिटार

जुन्या गिटारी बघून विकत घेणारे बरेच असतात. प्रमोद अहिरे ऐकून घ्यायचा, आणि तेही फोनवर.

मोरिवलीच्या एका कारखान्यात तो लेथ मशीनवर टर्नर होता. रविवारी आंघोळ उरकली की शेअर रिक्षाने थेट उल्हासनगर कॅम्प तीन गाठायचा. जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या बोळात होतचंदचं सायबर कॅफे होतं. तिथे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून हा फुकट जाहिरातींच्या वेबसाइटवर जुन्या गिटारी धुंडाळत बसे. फोटो असले तर धुरकट, नसले तर नाहीच. होतचंद डोक्याला हात लावायचा. "साईं, लोग इधर नोकरी ढूँढते हैं, शादी ढूँढते हैं. तुम पुराना लकड़ा ढूँढते हो!"

फोटोंवर प्रमोदचा विश्वासच नव्हता. नंबर उतरवून घ्यायचा, बाहेर येऊन फोन लावायचा आणि विकणाऱ्याला सांगायचा, "फोन गिटारच्या भोकापाशी धरा आणि एकेक तार छेडा." माणसं आधी चक्रावायची, मग हसायची, मग छेडायची. तारा गंजलेल्या असोत, सैल असोत, आतलं लाकूड जिवंत आहे की मेलंय ते याला म्हणे बरोबर कळायचं. त्याची बायको शीला म्हणायची, "लग्नाआधी मलाही असंच फोनवर वाजवून बघायचं होतंत ना!" घरात कपड्यांच्या दोरीखाली तीन, पलंगाखाली दोन आणि धान्याच्या डब्यामागे एक, अशा तिच्या सवती नांदत होत्या. तोंडाने कितीही फटकारलं तरी झाडताना ती त्यांना हळूच उचलून ठेवी, हे प्रमोदला ठाऊक होतं.

प्रमोदचा एक नेम होता. गिटार दुरुस्त झाली की ती एकदा विकणाऱ्याच्या घरी नेऊन वाजवून दाखवायची, मगच ती आपली म्हणायची. कोणी डोळे पुसायचं, कोणी चहाबरोबर भजी तळायचं. खरं सांगायचं तर या कौतुकाची प्रमोदला चटक लागली होती. चांगल्या माणसालाही एखादी चटक असावी लागते, नाहीतर तो घरात सहन होत नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्याला बदलापूर गावातली एक जाहिरात दिसली. फोन एका म्हातारीने उचलला. तिचं नाव भिमाबाई. पुण्यात राहणाऱ्या मुलाने जाहिरात दिली होती. नवरा, कोंडाजी, जाऊन काही वर्षं झाली होती. घर बिल्डरला दिलेलं, बुद्धपौर्णिमा झाली की मुलगा तिला पुण्याला नेणार होता. भिमाबाईंनी फोन भोकापाशी धरला आणि तार छेडली. आवाज फुटका होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी घुमलं. प्रमोद त्याच दुपारी बदलापूरला गेला.

गिटार कलकत्त्याची होती, आतल्या कागदावरची अक्षरं अर्धी झिजलेली. पण तिची अवस्था बघून प्रमोद हळहळला. मानेच्या टोकाला लोखंडाची एक पट्टी बसवून तारा बोटभर वर उचललेल्या. मानेवर निळ्या तेलरंगाचे ठिपके. लोक जुन्या वाद्यांवर काय काय जुगाड करतात ते त्याने पाहिलं होतं, सायकलचे स्पोक ठोकलेलेही पाहिले होते.

"जय भीम, मावशी. पौर्णिमेच्या आत नीट करून आणतो. तुम्हाला ऐकवल्याशिवाय माझी म्हणणार नाही."

भिमाबाई खुलल्या. "आन बाबा. जायच्या आदी येक डाव ऐकू दे. मंग कुटंबी न्या मला."

प्रमोदने जीव ओतला. पट्टी काढून टाकली, तारा खाली बसवल्या, ठिपके थिनरने घासून मान आरशासारखी केली. पट्टी भंगाराच्या डब्यात गेली आणि डबा शीलाने भंगारवाल्याला दिला. पौर्णिमेला आठवडा उरला असताना तो ऐटीत बदलापूरला गेला, भिमाबाईंसमोर बसून त्याने छान वाजवलं. इतकं छान की त्याचं त्यालाच भरून आलं.

भिमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग समजूत काढल्यासारख्या म्हणाल्या, "ग्वाड वाजवतोस रं. पन ह्ये ह्यांचं नाय."

"म्हणजे?"

"हे अशी उबी नाय धरायचे. मांडीवर आडवी ठिवायचे. हातात लोखंडाची कांडी, ती तारांवरनं सरकवायचे. भीमजयंतीला गायन पार्टी बसली का पाळण्याच्या गान्याला समदी वस्ती गप व्हायची. मानूस रडतो ना, तसा आवाज लांबायचा."

प्रमोदने घासलेल्या मानेवरून बोट फिरवलं. आडवी वाजवायची हवाईयन गिटार! त्या पट्टीने तारा उगाच उचलल्या नव्हत्या. कांडी सरकायला त्या उंचच लागतात. आणि ते ठिपके म्हणजे कोंडाजींच्या हाताच्या थांबायच्या जागा होत्या. फोनवर लाकूड ओळखणाऱ्या या शहाण्याने तो माणूस थिनरने पुसून टाकला होता.

"मावशी, मी घाण केली," तो म्हणाला. "पौर्णिमेला परत येतो."

घरी त्याने शीलाला सगळं सांगितलं. एरवी तिने चांगलंच झापलं असतं. पण त्याचा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, "मग बसलाय काय? तुमच्या हातात मशीन आहे ना?"

सुपरवायझरला विचारून प्रमोदने पाळी सुटल्यावर लेथवर नवी पट्टी घडवली आणि स्टीलची एक कांडी केली, बोटाएवढी, गुळगुळीत. अशा गिटारीच्या तारा कशा लावतात ते होतचंदच्या कॉम्प्युटरवर शोधून काढलं. होतचंदने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, वर "वाजवलीस की सांग" म्हणाला, तेही मराठीत. सगळं जमलं. फक्त वाजवणं जमेना. कांडी ठेवली की तारा मांजरासारख्या ओरडायच्या. हा हात कमवायला वर्षं लागतात आणि पौर्णिमा दारात आली होती.

पौर्णिमेच्या सकाळी भिमाबाईंच्या घरात सामान बांधून ठेवलेलं होतं. पांढरं लुगडं नेसून त्या विहारातून नुकत्याच आल्या होत्या. प्रमोदने गिटार मांडीवर आडवी घेतली, कांडी टेकवली आणि जे व्हायचं तेच झालं. त्याने मान खाली घातली.

"मावशी, मला नाही येत हे."

भिमाबाई उठल्या, त्याच्या डाव्या अंगाला येऊन बसल्या आणि त्याच्या हातातली कांडी काढून घेतली.

"मला बी नाय येत. पन त्यो हात कुटं कुटं जायाचा ते म्या लई वर्षं बघितलंय. तू तारा छेड."

त्याने तार छेडली. त्यांनी कांडी सरकवली. तार किंचाळली. "दाबू नका मावशी, नुसती टेकवा." पुन्हा छेडली. "अजून जरा पुढे... थोडं मागे... बस." वाट भिमाबाईंना माहीत होती, सूर प्रमोदला. पुसलेल्या ठिपक्यांवरून तो सुरकुतलेला हात चाचपडत चालला होता. कितीदा तरी चुकलं. आणि मग एकदाच, पाळण्याची पहिली ओळ एका सुरातून दुसऱ्या सुरात लांबत गेली आणि छपरापाशी जाऊन थांबली.

भिमाबाईंनी कांडी उचलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"आले बग," त्या म्हणाल्या.

प्रमोदलाही रडू आवरलं नाही, आणि त्याने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

गिटार परत घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. पुण्यात ती कोण वाजवणार? कांडी मात्र त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. प्रमोदने स्वतःसाठी दुसरी केली आणि रोज संध्याकाळी आडवी गिटार घेऊन बसू लागला. शेजाऱ्यांनी पुष्कळ सोसलं. शीलाने सगळ्यात जास्त सोसलं, आणि पाळणा पुरा बसला हे तिनेच आधी ओळखलं.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला सकाळीच पुण्याहून फोन आला. "जय भीम बाबा," भिमाबाई म्हणाल्या. "धर बगू फोन त्या भोकापाशी."

शीलाने फोन धरला. प्रमोदने पाळणा वाजवायला घेतला. मधेच शीलाने फोन कानाला लावून पाहिला आणि पटकन पुन्हा भोकापाशी नेला.

"थांबू नका," ती हळूच म्हणाली. "त्या त्यांच्या 'ह्यां'शी बोलतायत."