बहिणीच्या वाट्याचं ऊन

पुण्याजवळ मांजरी गावात आमचा ऊस होता तोवर आई-आबा दिवसभर उन्हात असायचे. मीही असायचे. आई मला पोत्यावर बसवायची आणि खुरपत पुढे गेली की परत येऊन पोतं पुढे ओढायची. माझं लहानपण असं पोत्याबरोबर सरकत गेलं.

मग जमीन बिल्डरला दिली. तिथेच इमारत उभी राहिली आणि चौथ्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. त्याच सुमारास, माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी, धाकटी बहीण झाली. तिला मांडीवर घेऊन आई म्हणाली, "आमची कातडी करपली. हिला ऊन दाखवायची न्हाई."

पडदे दिवसभर ओढलेले असत. पाहुणे म्हणायचे, "शहरातली वाटती गं पोरगी!" आई खूश व्हायची. यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही. उन्हातून सुटणं म्हणजेच पुढे जाणं, असं आम्ही सगळेच मानायचो. मला कॉलेजात घातलं तेही त्यासाठीच.

बहीण उशिरा चालायला लागली. "नाजूक हाय," आई म्हणायची. पुढे तिच्या दोन गुडघ्यांमध्ये फट दिसू लागली. ती डुलत चालायची आणि जिना चढताना रडायची. शेवटी स्वारगेटजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी तिची मनगटं दाबून पाहिली. आबांना विचारलं, "आपण काय करता?"

"शेती... होती."

"अहो, शेतकऱ्याच्या घरात मुडदूस? जमिनीबरोबर ऊनपण विकलंत की काय?"

कोणीच हसलं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला. "औषधानं हाडं भरतील. रोज बाहेर न्या, चालू द्या, खेळू द्या. पाय किती सरळ होतील, ते आज सांगता येणार नाही."

परतताना रिक्षात ऊन आलं. आईनं सवयीनं बहिणीवर पदर ओढला. थोड्या वेळानं तिनंच तो काढून घेतला.

दुसऱ्या सकाळी आबा तिला खाली घेऊन गेले. मीही गेले. तिनं डोळे घट्ट मिटले आणि त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. गवतावर पाय टेकवला की ओरडायची. जिथे आमच्या उसाला पाणी जायचं, तिथे ती मातीला घाबरत होती. आबा तरी रोज नेत राहिले.

मी अजून शिकतेच आहे, कोणाला सांगण्याइतकी मोठी नाही. पण संध्याकाळी कॉलेजातून येताना खिडक्या-खिडक्यांत मोबाइलच्या उजेडात बसलेली मुलं दिसतात, आणि त्यांच्या आई-बापांना सांगावंसं वाटतं, की त्यांना घेऊन खाली या. नुसतं पाठवू नका, तुम्हीही या.

आई बरेच दिवस खाली उतरली नाही. मग एका सकाळी आली आणि गवताच्या कडेला बसली. कामाशिवाय उन्हात बसायचं कसं, ते तिला माहीत नव्हतं. जरा वेळानं तिचे हात आपोआप तण उपटू लागले. बहीण तिच्यासारखं उकिडवं बसायला गेली आणि कलंडली. आईनं तिला उचललं नाही. आई तण उपटत उपटत थोडी पुढे सरकली. बहीण हात टेकून उठली आणि फेंगडे पाय टाकत तिच्या मागे गेली.